उथळ खोबण

१४ जानेवारी

प्रिय मावशी,

नमस्कार, ख्यालीखुशाली, सगळं लिहून झालं असं समज. दमले आहे, थेट मुद्द्यावर येते. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू लगेच रडतेस. मग दुखणं माझं आणि समजूत मी तुझी घालायची. पत्र वाचताना रडलीस तर निदान मला दिसणार नाही.

कंबर दुखते म्हणून गेली दोन वर्षं जे शेक, गोळ्या, व्यायाम चालले होते ते सगळं चुकीच्या पत्त्यावर जात होतं. कंबर ठणठणीत आहे. बिघाड खुब्यात आहे. नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नेमकं कुठे दुखतं, हाताने दाखवा." मी अंगठा पुढे जांघेत आणि बोटं मागे अशी मूठ खुब्यावर धरली. त्या म्हणाल्या, "असा हात धरणारा पेशंट आला की फोटो काढायच्या आधीच आम्हाला कळतं."

फोटोत मांडीच्या हाडाचा चेंडू दिसतो आणि त्यावरची खोबण. खोबणीने चेंडू नीट झाकायला हवा. माझी खोबण उथळ आहे, डोक्यावरून मागे सरकलेल्या टोपीसारखी. त्यामुळे सगळा भार एका काठावर येतो आणि आतली गादी तिथेच झिजते. उजवीकडे जास्त, डावीकडे कमी. वय वर्षं चौतीस, आणि खुबा साठीच्या वाटेवर.

आता दोन रस्ते. एक, काही करायचं नाही. गादी संपली की नवा सांधा बसवायचा. पण चौतिशी-चाळिशीत बसवलेला सांधा जन्मभर पुरत नाही, पुन्हा उघडावं लागतं. दुसरा, गादी शिल्लक आहे तोवर खोबणीभोवतीचं हाड कापून सुटं करायचं, चेंडूवर नीट छप्पर येईल असं फिरवायचं आणि स्क्रूने आवळायचं. मी म्हटलं, "म्हणजे बाही तीच ठेवून मुंढा फिरवून लावायचा." डॉक्टरीणबाई हसल्या. "कटिंग करता का?" म्हटलं, हो, गणवेशांच्या कारखान्यात, दिवसाचे आठ तास टेबलाशी उभी. त्यावर त्या हसायच्या थांबल्या.

अजून काही ठरवलेलं नाही. तू काय म्हणतेस?

तुझी,
भिंगरी


२५ जानेवारी

चि. भिंगरीस,

पत्र कामावर, पाळणाघरातच उघडलं. चार पोरं अंगावर लोंबकळत होती म्हणून रडायची सोय नव्हती.

अगं, चालत्याबोलत्या मुलीने हाड कापून घ्यायचं? दुखतं म्हणून आपण दात काढतो, जबडा कापत नाही. आमच्या स्वयंपाकीणबाईंच्या दिराने खुब्याचं ऑपरेशन करून घेतलं, तो आता जिना बघितला की खालीच बसतो. त्याचं वेगळं होतं म्हणशील. असेल. पण हाडाला एकदा हात लावला की ते पहिल्यासारखं होत नाही एवढं मला कळतं.

तू कारखान्यातल्या मास्तरांना सांगून बसायचं काम माग. काजं-बटणं कर. तेल लावून शेक घे. वजन उचलू नकोस. वर्षभर बघ तरी. इतकी वर्षं चाललीसच ना त्या पायावर?

आणि एक सांग. हे कशामुळे झालं ते डॉक्टरीणबाई म्हणाल्या का? जन्मापासूनचं म्हणाल्या की उभं राहून राहून नंतर झालं? तुझ्या कामामुळेच असणार. माझी खात्री आहे. तरी विचारून कळव.

जेवतेस ना वेळेवर? मागच्या फोटोत गालफडं बसलेली दिसली.

तुझी मावशी

ता. क. कशामुळे झालं ते नक्की कळव.


९ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

काजं-बटणं करणाऱ्या दोघी आधीच आहेत आणि दोघींना माझ्यापेक्षा चांगली येतात. मास्तरांनी एक उंच स्टूल दिलंय. त्यावर बसलं की जांघेत कोणीतरी कात्री उघडून ठेवल्यासारखं होतं.

गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी खुब्यात भुलीचं इंजेक्शन दिलं. उपचार म्हणून नाही, दुखणं नक्की तिथलंच आहे ना ते बघायला. तीन तास. मावशी, तीन तास मला उजवा पाय आहे हे आठवलंच नाही. दवाखान्याचा जिना मी उगीचच दोनदा उतरले आणि चढले. निरोगी माणसाला पाय असा असतो, असून नसल्यासारखा, हे मला माहीतच नव्हतं. संध्याकाळी तो परत आला. मी बसच्या थांब्यावर बसून राहिले आणि दोन बस सोडल्या.

गादी अजून चांगली आहे, फक्त कडेला थोडी फाटली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज हे ऑपरेशन करण्यासारखं आहे. दोन वर्षांनी याल तेव्हाही असेलच असं मी सांगत नाही." म्हणजे तुझं 'वर्षभर बघ' बाद. मी करून घेणार आहे.

कारण विचारलंस. जन्मापासूनचं आहे. त्यांनी विचारलं, "तान्हेपणी पाय फाकवून ठेवायचे पट्टे लावले होते का?" मी म्हटलं, मला कसं आठवणार? घरी येऊन आईची जुनी फाइल उघडली. आई गेल्यापासून चार वर्षांत मी तिला हात लावला नव्हता. माझ्या लसींच्या कागदांमागे एक पिवळा कागद निघाला. वय अडीच महिने. 'पट्टे रात्रंदिवस ठेवण्यास सांगितले होते. आईने नियमित ठेवलेले नाहीत. कडक समज दिली.' खाली आईची सही. तीच ती, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली.

मावशी, ही बाई माझी वही तीनदा तपासायची. दुधाची पिशवी धुतल्याशिवाय घरात आणू द्यायची नाही. आणि तिला चार पट्टे बांधवले नाहीत? शाळेत मी धावताना मागे पडायचे, तेव्हा हीच म्हणायची, "नेट लाव." कुठून लावायचा नेट?

तू तेव्हा तिच्याजवळच राहायचीस ना? तुला काही आठवतं?

भिंगरी


२० फेब्रुवारी

चि. भिंगरी,

फार जुनी गोष्ट. नीटसं आठवत नाही. त्या काळचे डॉक्टर तोंडाला येईल ते लिहायचे. गेलेल्या माणसावर असा राग धरू नये. ताईने तुझ्यासाठी काय काय केलं ते तुलाही ठाऊक आहे.

ऑपरेशनचा पुन्हा एकदा विचार कर. इथे पोरांना सर्दीची साथ आहे, जास्त लिहायला फुरसत नाही.

मावशी


२ मार्च

मावशी,

एवढंसं पत्र तू मला आजवर कधी पाठवलं नव्हतंस.

तारीख ठरली. १७ एप्रिल. चार दिवस दवाखान्यात, मग निदान सहा आठवडे कुबड्या, उजवं पाऊल जमिनीला फक्त टेकवायचं, भार नाही. हाड जुळायला तीन-चार महिने. मास्तर म्हणाले, टेबल राखून ठेवतो. ते शब्दाचे पक्के आहेत.

तू येऊ नकोस. तुझा जीव घाबरा होतो आणि तुझी भीती सांभाळायला मला आता उसंत नाही. कारखान्यातल्या इस्त्रीवाल्या बाई रोज दोन वेळा येऊन जाते म्हणाल्यात.

आईवर राग धरू नकोस म्हणतेस. धरला नाही, तो आपोआप बसलाय. रोज सकाळी पलंगावरून पाय खाली सोडताना पहिली कळ येते, आणि समोर भिंतीवर तिचा फोटो. शेवटी काल फोटो काढून खणात पालथा ठेवला. तिच्याकडे बघून बूट चढवणं मला जमत नाही. विचारायला ती नाही, भांडायला ती नाही. सही करून मोकळी झाली.

भिंगरी


१० मार्च

भिंगरी,

फोटो आधी बाहेर काढ. मग हे वाच.

पट्टे ताईने सोडले नाहीत. मी सोडले.

तू तीन आठवड्यांची असताना डॉक्टरांनी ते लावले. मऊ कापडी पट्टे, खांद्यावरून पायापर्यंत, पाय बेडकासारखे फाकलेले. त्याच आठवड्यात ताईच्या छातीत पाणी झालं आणि तिला इस्पितळात ठेवलं. दीड महिना. तुझे बाबा तेव्हा बोटीवर, वर्षातून एकदा दिसायचे. घरात तू आणि मी. मी एकोणीस वर्षांची होते. ताईने खाटेवर पडल्यापडल्या माझा हात धरून बजावलं होतं, "काही झालं तरी पट्टे सोडायचे नाहीत. आंघोळीलासुद्धा डॉक्टरांना विचारून."

पहिले दोन दिवस नाही सोडले. तू सारखी रडायचीस. तिसऱ्या दिवशी दुपारी सोडले. तू पाय जवळ घेतलेस, सुस्कारा टाकलास आणि झोपलीस. मग रोजच सोडायला लागले. आधी दुपारपुरते, मग सकाळपासून. ताईला दाखवायला न्यायचं त्या दिवशी बांधायचे.

तू रडायचीस म्हणून सोडले, असं मी चौतीस वर्षं स्वतःला सांगत आले. तुझं मागचं पत्र आल्यापासून तेही सांगवत नाही. तू रडायचीस हे खरं. पण मला झोप हवी होती, हेही तितकंच खरं.

ताई घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी तुला घेऊन डॉक्टरांकडे गेली. मी दाराशी उभी होते. डॉक्टर पट्टे हातात घेऊन म्हणाले, "दीड महिना वापरलेले पट्टे असे कोरे करकरीत असतात का हो? आई आहात ना?" ताईने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाली, "चुकलं माझं." आणि सही केली. ती इस्पितळात होती हेसुद्धा तिने सांगितलं नाही.

घरी पोचल्यावर मी पाय धरले तर म्हणाली, "ऊठ, पाणी तापव." पुढे चार महिने तिने स्वतः पट्टे बांधले. तू आकांत करायचीस आणि ती तुला मांडीवर घेऊन भिंतीकडे बघत बसायची, पण एक बंद सैल केला नाही. डॉक्टर नंतर म्हणाले, बराच फरक पडला. पूर्ण भरून आलं असं मात्र कधीच म्हणाले नाहीत.

वर्षभराने तिनेच मला पाळणाघरात लावलं. मी म्हटलं, माझ्या हाती पोरं कशी देतेस? ती म्हणाली, "ज्याच्या हातून एकदा सुटलंय तो पुढे घट्ट धरतो." तेहतीस वर्षं झाली. कुणाच्या पोराचा पायमोजासुद्धा मी आईला विचारल्याशिवाय काढलेला नाही.

ऑपरेशन करू नकोस म्हणत होते ते तुझ्या काळजीने, असं तुला वाटलं असेल. काळजी होतीच. पण हाड उघडलं की माझंही उघडं पडेल, ही भीती तिच्याहून मोठी होती. आता पडलं. करून घे ऑपरेशन.

मला लिही किंवा लिहू नकोस. ताईला मात्र बोल लावू नकोस.

मावशी


५ एप्रिल

मावशी,

पत्र मिळून तीन आठवडे झाले. चारदा वाचलं. उत्तर लिहायला बसले की हाताला झोप यायची.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. पट्टे नीट राहिले असते तर हे टळलं असतं का? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. सगळं वेळेवर होऊनही काहींची खोबण उथळच राहते. तुमचं काय झालं असतं ते आज कुणीच सांगू शकणार नाही." मी म्हटलं, अंदाजाने सांगा. त्या म्हणाल्या, "अंदाजाने सांगितलं तर तुम्ही तो जन्मभर धरून बसाल." हुशार बाई आहे. मला तिचा राग आला.

फोटो परत लावला. थोडा तिरका लागलाय. स्टुलावर चढून सरळ करणं होत नाही.

इस्त्रीवाल्या बाईंच्या सुनेचे दिवस भरलेत, त्यांना यायला जमणार नाही. माझ्याकडे दुसरं कुणी नाही. खोटं कशाला लिहू, दुसरं कुणी असतं तर तुला बोलावलं नसतं.

१६ तारखेला ये. सात आठवड्यांची रजा काढून ये. दोन अटी. त्या गोष्टीबद्दल घरात एक शब्द काढायचा नाही. आणि रडायचं नाही.

भिंगरी


७ जून

चि. भिंगरी,

सुखरूप पोचले. पोरांनी मला ओळखलं, एकाने मात्र 'नवी बाई' म्हटलं.

तुझ्या दोन्ही अटी पाळल्या. दुसरी एकदा मोडली, तेव्हा तू भुलीत होतीस म्हणून ती धरू नकोस. चार तास सांगितले होते, सहा लागले. मी बाकावर बसून समोरच्या दारावरची सूचना वाचत होते. 'कृपया दार ढकलू नये.' ती किती वेळा वाचली असेन देव जाणे. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, टोपी काढली, म्हणाल्या, "छान फिरली खोबण, चार स्क्रू लागले." मी त्यांचे हात धरले. त्या म्हणाल्या, "दुखताहेत हो, हळू." सहा तास ठोकाठोक करून बिचारीचेच हात गेले होते.

सात आठवडे आपण एका खोलीत राहिलो. तुला उठवलं, पुसलं, जिना उतरवला, "आधी कुबड्या, मग आजारी पाय, मग चांगला पाय" असं रोज म्हटलं. हवा-पाणी, गोळ्या, मास्तरांचे निरोप, सगळं बोललो. फक्त तेच नाही. तिसऱ्या आठवड्यात मी तुझा पायमोजा चढवत होते तेव्हा तू ओरडलीस, "सोड! हात लावू नकोस माझ्या पायाला!" मी जिन्यात जाऊन बसले. तासाभराने तू हाक मारलीस, "मोजा अर्धाच आहे." मी आत येऊन उरलेला चढवला. तू छताकडे बघत होतीस. त्या दिवशी तुला काय वाटलं ते विचारायचा मला हक्क नाही, म्हणून विचारत नाही.

एकच विचारते. बसस्थानकावर तू कुबड्यांवर उभी होतीस आणि गाडी सुटताना काहीतरी म्हणालीस. काच बंद, इंजिनाचा आवाज, त्यात माझे कान पोरांच्या रडण्याने केव्हाच गेलेले. मी नुसती मान हलवली. घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे. काय म्हणालीस?

मावशी


२९ सप्टेंबर

प्रिय मावशी,

उशीर झाला. कारखान्यात शाळांचं काम होतं आणि रात्री पाय वर करून पडलं की लिहायला उठवत नाही.

हाड जुळलं. परवाच्या फोटोत चार स्क्रू आणि त्यांच्याखाली टोपी कपाळापर्यंत ओढून बसलेला चेंडू दिसतो. कुबड्या गेल्या. जास्त चाललं की थोडी लंगडते. मांडीचा बाहेरचा भाग वीतभर बधिर आहे, टाचणी टोचली तरी कळत नाही. तो तसाच राहील बहुतेक. जांघेतली कळ मात्र गेली. पहिल्यांदा गेली त्या दिवशी मी पलंगाच्या कडेवर बसून तिची वाट बघत होते, उशिरा येणाऱ्या पाहुण्याची बघतात तशी. आली नाही. मग कामाला गेले. मास्तरांनी टेबल राखलं होतं. कापडाच्या चाळीस थरांवर पहिल्यांदा कटिंग मशीन चालवलं आणि दुपारपर्यंत दमून गेले.

बसस्थानकावर मी म्हणाले, "तुझ्या पिशवीची चेन उघडी आहे." बस्स. तू इतक्या गंभीरपणे मान हलवलीस की मला तेव्हाच कळलं, तुला दुसरंच काहीतरी वाटलं. गाडी गेली होती. साडेतीन महिने तुला तसंच राहू दिलं, कारण खरं काय लिहायचं ते मला कळत नव्हतं.

तुला जे वाटलं ते मी अजून म्हटलेलं नाही. तीनदा कागदावर उतरवलं, तिन्ही वेळा ते कुणीतरी सांगितल्यावर लिहिल्यासारखं दिसलं. फाडून टाकलं. मोज्याच्या दिवशी काय वाटलं ते मात्र सांगते. तू जिन्यात होतीस आणि मी पलंगावर. मनात म्हटलं, आता ही बॅग उचलून जाणार. मला भीती वाटली. आधी वाटलं, पायाची सोय जाईल म्हणून. तासाभराने कळलं, पायाची नव्हे. तेव्हा हाक मारली.

डावी बाजूही करावी लागणार. गादी अजून चांगली आहे, पण डॉक्टरीणबाईंच्या मते थांबण्यात अर्थ नाही. फेब्रुवारीतली तारीख घेतली आहे. इस्त्रीवाल्या बाई या वेळी मोकळ्या आहेत, त्यांनी आपणहून विचारलं. मी त्यांना म्हटलं, नको, माझी मावशी येणार आहे.

दोन महिन्यांची रजा काढ. या वेळी अट काही नाही.

तुझी,
भिंगरी